इंद्रायणीला बासमतीची पट्टी कशाला?

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं जाणारे कामशेतला गाडी थांबवून इंद्रायणी तांदूळ घेतात. दुकानदार हमी देतो, "जुना आहे, भात अगदी मोकळा होईल." इथेच आपण हरतो. लांब, जुना, मोकळा हे शब्द बासमतीनं गिऱ्हाइकाच्या मनात कधीच बळकावले आहेत. अल रीस आणि जॅक ट्राउट या विपणनतज्ज्ञांनी १९८१च्या पुस्तकात हेच बजावलं होतं: प्रतिस्पर्ध्यानं मनात पटकावलेल्या जागेवर धडका मारू नका, आपली वेगळी जागा धरा.

इंद्रायणीची जागा तयारच आहे. आसट, वासाचा, बोटांना किंचित चिकटणारा भात. वर साधं वरण, तूप, लिंबाची फोड. बाळाचा पहिला मऊ भात असो की तापातून उठलेल्याची पेज, तिथे बासमती कुणाला आठवत नाही. हा चिकटपणा लपवायचा कशाला? तोच छातीठोकपणे सांगा!

हे वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रानं आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलं आणि १९८७ साली शेतकऱ्यांना दिलं. आंबेमोहराला वास होता, पण उंच रोप लोळायचं आणि उतारा कमी पडायचा. आयआर ८ बुटकं आणि भरघोस. शास्त्रज्ञांनी कष्टानं जुळवलेला हा मेळ पोत्यावर एका ओळीतही दिसत नाही, याची मला खरोखर चीड येते.

दुसरी गोष्ट नावाची. बासमतीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे ते नाव उत्तरेतल्या ठरावीक मुलखाशी बांधलं गेलं. इंद्रायणी हे वाण. ते इगतपुरीतही पिकतं, आणि चांगलं पिकतं. म्हणजे नुसतं 'इंद्रायणी' छापून मावळच्या शेतकऱ्याच्या पदरात वेगळं काही पडत नाही. नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ ही नावं पोत्यावर यायला हवीत. गाव, कापणीचं साल, गिरणीतून निघाल्याची तारीख, पॉलिश किती, हेही हवं. गिरणीवाले आणि शेतकरी गट मिळून हे येत्या हंगामातच करू शकतात. त्याला सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही.

आणि दिवाळीनंतर नवा माल आला की त्यावर ठळक छापा: 'नवा तांदूळ आहे, पाणी बेतानं घाला.'