अण्णांचा विचार पक्का होतोय

कोल्हापुरात कुणाला ‘गाडी घेतली का?’ असं विचारलं, तर तो हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. अण्णा ‘बसा’ म्हणतात.

मग खुर्ची येते, चहा येतो आणि शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल येते. फाइलवर स्केचपेनने ठसठशीत लिहिलेलं असतं: ‘एम.जी. टी.सी., 1948’. गाडी अण्णांची नाही. ती मिरजेकडच्या एका वाड्यात, पूर्वी जिथे घोडे बांधत त्या पागेत, चार ठोकळ्यांवर उभी आहे. मालक विकायला तयार आहे, अण्णा घ्यायला तयार आहेत आणि एवढ्या भांडवलावर गेली कित्येक वर्षं दोघांचंही झकास चाललंय.

अण्णांची हयात बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. म्हशीसाठी कर्ज मागायला आलेल्या माणसाला त्यांनी म्हशीसकट बोलावलं होतं, अशी बँकेत अजून आख्यायिका आहे. अशा माणसाने निवृत्तीनंतर स्पोर्ट्स कारच्या प्रेमात पडावं, हा दैवाचा विनोद. पडले ते पडले, पण पडतानाही तारण काय, हे बघूनच पडले.

टी.सी.चं चरित्र त्यांना तोंडपाठ. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला 1945 ते 1949 या काळात अशा दहा हजारांच्या आसपास गाड्या तयार झाल्या. लांबलचक नाक, सुटी मडगार्डं, तारांची 19 इंची चाकं, पुढची काच बॉनेटवर आडवी निजवायची सोय. बसायला दोघंच. इंजिन 1250 सी.सी.चं, ताकद 54 हॉर्सपॉवर. ‘आमच्या वॅगन-आरला याहून जास्त आहे,’ असं त्यांचा जावई एकदा बोलून गेला. तेव्हापासून जावयाला फाइल दाखवणं बंद आहे.

खरी अडचण डॅशबोर्डवर निघाली. या गाडीत ड्रायव्हरसमोर असते ती इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी. वेगाचा काटा आहे शेजारी बसणाऱ्याच्या पुढ्यात! फोटो बघून वहिनी म्हणाल्या, ‘हे एक चांगलं केलं हो इंग्रजांनी.’ अण्णांचा चेहरा पडला. मोटारीत बसून आपला वेग बायकोने वाचून दाखवायचा, हा मुद्दा अर्जात कुठेच नव्हता. त्यावर विचार करण्यात ती दिवाळी गेली.

पुढच्या खेपेला ते मेकॅनिक घेऊन मिरजेला गेले. गाडीचं नाव ऐकल्यावर मेकॅनिक ‘एम.जी.? हेक्टर व्हय?’ म्हणाला, तेव्हाच अण्णांनी त्याला मनातून नापास केलं. पण त्याने दार उघडलं आणि बिजागरीपाशी बोट दाबलं. बोट आत गेलं. पत्र्याच्या आडून पिवळसर भुसा भुरुभुरु फरशीवर सांडला. टी.सी.ची चासी पोलादी असली, तरी वरचा सांगाडा अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाचा असतो आणि त्यावर पत्रा ठोकलेला असतो. म्हणजे या मोटारीला गंज तर लागतोच, वर वाळवीही लागते. मग मेकॅनिक बाहेर उभा राहिला आणि गावातला सुतार आत आला. त्याने सगळीकडे टिचक्या मारून निदान केलं: ‘सायेब, ही गाडी न्हाई, कपाट हाय. सागवानात करून देतो, नातवाच्या लग्नापतुर बघायला नको.’

आता हा प्रश्न साधा नव्हता. सागवान टिकेल, पण मग ती मूळची टी.सी. राहील का? मूळचीच हवी, तर अ‍ॅशचा कापून आणलेला तयार सांगाडा इंग्लंडातून मागवावा लागणार. वर कस्टमची ड्यूटी. अण्णांनी दोन्ही बाजूंनी टिपणं काढली. दोन्ही बाजू त्यांना पटल्या.

बोल्टांचं प्रकरण तर उद्यमनगरात अजून गाजतंय. वाड्याच्या मालकाने नमुना म्हणून दिलेला एक बोल्ट घेऊन अण्णा लेथवाल्याकडे गेले. त्याने तो उलटसुलट फिरवला, गेज लावला, पुन्हा लावला आणि शेजारच्या दुकानातून दोघांना हाक मारली. आटे मिलिमीटरच्या मापाचे आणि डोकं विलायती व्हिटवर्थ पान्याचं! अण्णा या क्षणाची वाटच बघत होते. एम.जी.ची इंजिनं करणाऱ्या मॉरिस कंपनीने कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन-कारखाना घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. पण इंग्रज मिस्त्रीच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे. म्हणून आटे फ्रेंच ठेवले आणि डोकी इंग्रज. लेथवाला ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘अण्णा, तुमी गाडी घेऊ नका, पर येत जावा.’

आता तुम्ही म्हणाल, नुसता बोलघेवडा माणूस. तसं म्हणणं अन्यायाचं आहे. अण्णांच्या माळ्यावर व्हिटवर्थ पान्यांचा पूर्ण संच आहे, तारांच्या चाकांचे मधले नट ठोकायचा तांब्याचा हातोडा आहे, एस.यू. कार्ब्युरेटरची जोडी आहे (एका गाडीला दोन लागतात), आणि पेट्रोलचा एस.यू. विजेचा पंप आहे. हा पंप ते अधूनमधून बॅटरीला जोडतात आणि टक्‌ टक्‌ टक्‌ आवाज येऊ लागला की डोळे मिटून बसतात. वहिनींचं म्हणणं एवढंच, की यांनी गाडी सोडून सगळं घेतलंय. मला विचाराल, तर गाडी घेऊन मोकळी होणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. न घेता तिला इतकं सांभाळणारा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

2021 साली जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नवे नियम आले, तेव्हा घरात जरा धास्ती पसरली. कारण अण्णांची एक मोठी सबब त्याने संपत होती. 50 वर्षांवरच्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला 20,000 रुपये भरून नवी नोंदणी, ‘व्ही.ए.’ अक्षरांचा वेगळा नंबर, 10 वर्षं मुदत. पण अण्णांनी नियम शेवटपर्यंत वाचले आणि त्यांना धीर आला. गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला तेवढी न्यायची.

‘म्हणजे भाजीला नाही?’ वहिनींनी विचारलं.

‘नाही. पेट्रोल भरायला चालेल.’

‘पेट्रोल कशाला भरायचं?’

‘दुरुस्तीला न्यायला.’

हा संवाद अण्णांनी फाइलमध्ये नोंदवून ठेवलाय, ‘विरुद्ध बाजू’ या सदरात.

गेल्या महिन्यात मात्र खरंच आणीबाणी आली. मुंबईहून एक गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं. पैसेवाला माणूस, रोख व्यवहार करणारा. वाड्याच्या मालकाला गाडीतलं ओ का ठो कळत नाही, तेव्हा त्याने अण्णांनाच फोन केला: ‘तुम्ही या आणि दाखवा त्यांना. तुमच्याइतकी माहिती कुणाला आहे?’ अण्णा फाइल, पाने, टॉर्च आणि डबा घेऊन पहाटेच्या गाडीने गेले. आम्हाला वाटलं, माणूस खचून परत येणार.

संध्याकाळी अण्णा आले ते खुशीत. वहिनींनी पाणी दिलं आणि भीतभीतच विचारलं, घेतली का त्याने?

‘छे! वाळवी दाखवली, आटे दाखवले, वेगाचा काटा दाखवला, नियम वाचून दाखवले. शेवटी म्हणाला, विचार करून कळवतो.’ अण्णांनी पेला खाली ठेवला. ‘माणूस चांगला आहे गं. मी त्याला रविवारी जेवायला बोलावलाय.’