टोचन कुणाचं, पावती कुणाची?

महामार्गालगतच्या कुठल्याही पोलीस ठाण्याच्या मागे एकदा चक्कर मारा. पाऊस ओसरल्यावर मारा, म्हणजे नीट दिसेल. टायर बसलेले, काचांवर शेवाळ, बॉनेटच्या फटीतून टाकळा वर आलेला, दरवाजाला घाणेरी बिलगलेली. कागदोपत्री जप्त गाड्यांच्या या ढिगाला मुद्देमाल म्हणतात. मुद्दा कधीच विरला. मालाला गंज चढला.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जोडीला खारा वारा. इथे घराच्या खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, आणि खुनाचा, अपघाताचा, दारूच्या वाहतुकीचा पुरावा आपण उघड्यावर ठेवतो. का? तर जागा नाही म्हणून.

कायदा नाही म्हणून मात्र नव्हे.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३६. अपघातातली गाडी तपासासाठी हलवली, तर ती कुठे नेली हे मालकाला कळवायचं आणि सोपस्कार पूर्ण झाल्यावर चोवीस तासांत परत द्यायची. चोवीस तास! गाडी सोडवायला खेटे घातलेल्या कुणालाही हा आकडा सांगून बघा. तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली बजावलं. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. जप्त गाड्या पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात काही अर्थ नाही. सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र आणि हमी घ्या, गाडी मालकाला द्या. पंधरा दिवस ते महिनाभरात निकाली काढा. आणि हे प्रकरण न्यायालयात गेलं कशावरून? पोलीस ठाण्यातला मुद्देमाल बदलून टाकल्याचा आरोप पोलिसांवरच होता, त्यावरून.

२०१० मध्ये विमा कंपन्यांच्या परिषदेच्या अर्जावर न्यायालयाला हेच पुन्हा सांगावं लागलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४९७ प्रमाणे चौदा दिवसांत मालाचं विवरण, छायाचित्रं, गरज पडली तर चित्रीकरण आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. चौदा अधिक तीस. चव्वेचाळीस दिवसांत टाकळासुद्धा जेमतेम गुडघ्याला लागतो.

मग अडतं कुठे?

अडतं ते तीन साध्या प्रश्नांपाशी. गाडी उचलायची कुणी? ठेवायची कुठे? पैसे कुणी द्यायचे? कायदा मुदत सांगतो. हमाली कुणी करायची ते सांगत नाही. आणि हमालीचा करार झाला नाही की मुदत नुसती पुस्तकात राहते.

एप्रिलचा महिना घ्या. पावसचा एक बागायतदार. आंब्याच्या पेट्या वाशीला निघाल्यात, रात्री दोन वाजता हातखंब्याच्या उतारावर टेम्पो कलंडला. ड्रायव्हर सिव्हिलला. रस्ता मोकळा करायची पोलिसांना घाई, आणि ती रास्त आहे. कुणीतरी हायड्रा क्रेनवाल्याला फोन लावतो. दर किती? तो जागेवर ठरतो. ठरवणारा एकटा हायड्रावाला. मालक सकाळी पोचतो तेव्हा टेम्पोला टोचन लावून झालेलं असतं, आंबा रस्त्यावर फुटलेला असतो आणि त्याच्या हातात एक आकडा ठेवला जातो. घासाघीस कुणाशी करणार?

पावती मागितली तर? चिठ्ठी मिळते. विमा कंपनी चिठ्ठी घेत नाही, तिला बिल लागतं. आणि बिल मिळालंच तरी प्रमाणित पॉलिसीत खासगी मोटार उचलून नेण्यासाठी दीड हजार रुपयांची मर्यादा आहे. दीड हजारात घाटातून गाडी कोण वर काढून देतो, त्याचा पत्ता मला हवा आहे.

म्हणजे ठेका द्या, प्रश्न सुटला?

थांबा. ठेका दिलेली शहरंही बघितलीत. मुंबईत टोइंग खासगी ठेकेदाराकडे गेलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला आत बसलेल्या महिलेसकट मोटार ओढली गेली. शिपाई निलंबित झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत तर दुचाकीस्वारासकट दुचाकी वर उचलली. क्रेनवरची माणसं जात्याच दुष्ट होती का? मुळीच नाही. ठेकेदाराला पैसे गाडीमागे मिळतात. जितक्या गाड्या तितकी कमाई. मग क्रेन कोंडी सोडवायला फिरत नाही, सावज शोधत फिरते.

करारात पैसे कशाचे मिळतात ते वाचा. पुढचं सगळं तिथेच लिहिलेलं असतं.

इंग्लंडमध्ये पोलीस असे ठेके रीतसर देतात आणि दर नियमाने बांधलेले असतात. २००८ च्या नियमांत साधी मोटार उचलायला दीडशे पौंड, ठेवायला दिवसाला वीस पौंड असा दर छापला होता. छापलेला दर, हे त्यातलं घेण्यासारखं. दिवसाचं भाडं मात्र अजिबात आणू नका. आपल्याकडे तारखा कशा पडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसाला भाडं लावलं तर रिक्षा सुटेपर्यंत भाड्यात नवी रिक्षा येईल. उशीर झाला की ठेकेदाराचं उत्पन्न घटलं पाहिजे. वाढलं, तर उशीर होणारच.

आणि ज्याच्या अंगणात गाडी सडते, त्यालाच लिलावात ती भंगाराच्या भावात मिळत असेल, तर ती सडू नये म्हणून ताडपत्री कोण टाकेल?

आता तपासणी. माझा जीव खरा जळतो तो इथे. पण तपासायला गाडी आधी हाती तर यायला हवी.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी गेल्या, जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली. दोन्ही आपल्या जिल्ह्यातल्या. गाळातून लोखंड शोधायला क्रेनला लोहचुंबक लावून नदी चाळली, नौदलाचे पाणबुडे उतरले, तरी सांगाडे हाती यायला आठवड्याच्या वर गेला. त्याआधी, मार्च २०१३ मध्ये, खेडला जगबुडीच्या पुलावरून खासगी बस कोसळली होती. ३७ माणसं गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये आंजणारी पुलावरून गॅसचा टँकर खाली गेला आणि महामार्ग अडून राहिला. नद्या, घाट, पूल, गॅस. या जिल्ह्याला गाडी बाहेर काढण्याचं शास्त्र लागतं. आपण अजून ‘बघा हो कुणाकडे मोठी क्रेन आहे का’ यावर आहोत.

काढलेल्या गाडीचं पुढे काय होतं?

सप्टेंबर २०२२ मध्येच पालघरला उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. तपासणीला मोटार बनवणाऱ्या कंपनीचं पथक हाँगकाँगहून आलं, मोटारीतली माहिती वाचायला जर्मनीला गेली. छान झालं, असंच व्हायला हवं. पण परशुराम घाटात उलटलेल्या ट्रकच्या क्लीनरलाही एकच जीव होता. त्याच्या ट्रकसाठी एक मोटार वाहन निरीक्षक, एक फॉर्म आणि दोन शब्द: ब्रेक फेल.

ब्रेक फेल का झाला? लायनिंग झिजलं होतं, पाइप फुटला होता, की माल दुप्पट भरला होता? पहिलं मालकाचं पाप, दुसरं कदाचित गॅरेजचं, तिसरं माल भरणाऱ्याचं. दोन शब्दांत तिघंही सुटतात. अडकतो तो ड्रायव्हर, जिवंत असला तर.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचा मोठा गाजावाजा झाला की न्यायवैद्यक तज्ज्ञ घटनास्थळी जाणार. कलम १७६(३) नीट वाचा. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना ही सक्ती. बेदरकार गाडी चालवून माणूस मारला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली कमाल शिक्षा पाच वर्षं. म्हणजे महामार्गावरच्या नेहमीच्या मृत्यूला तज्ज्ञाची सक्तीच नाही! ठोकून पळून जाण्याला दहा वर्षं लिहिली होती, ते १०६(२) जानेवारी २०२४ च्या चालकांच्या संपानंतर बाजूला ठेवलं गेलं.

पळून गेलेली गाडी सापडते तेव्हा तिच्यावर काय असतं? रंगाचा एखादा कपचा, कापडाचा धागा, रक्ताचा डाग. रत्नागिरीत न्यायसहायक विज्ञानाची छोटी प्रयोगशाळा आहे. पण प्रयोगशाळा तपासते नमुना. आषाढातल्या दोन सरी त्या बंपरवरून गेल्यावर नमुना गटारात असतो.

म्हणून सांगतो, तीन कामांचे तीन वेगळे करार करा. उचलणाऱ्याचा दर ठाण्याच्या भिंतीवर लावा, पावती छापील द्या. ठेवायला छप्पर, कॅमेरा आणि नोंदवही. मिरजोळ्यापासून लोट्यापर्यंत एमआयडीसीच्या जागा आहेत, त्यात एक शेड मिळू नये? आणि तपासणी ठेकेदाराकडे कधीच नको. ती आरटीओची आणि प्रयोगशाळेची. गाडी ओढणाऱ्याने तिच्या ब्रेकबद्दल तोंड उघडायचं नाही. ज्याचं गॅरेज आहे, ज्याचं भंगाराचं दुकान आहे, त्याची निविदा उघडायचीसुद्धा नाही.

खर्च येईल? येईल की. आज तो येत नाही असं वाटतं, कारण तो पावसच्या त्या बागायतदाराच्या खिशातून जातो. हंगाम संपला, पाऊस लागला, टेम्पो अजून ठाण्याच्या मागे उभा आहे. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला त्याच तारखेला खात्यातून कापला जातो.