खडखडीचे भाष्यकार

बुलढाणा जिल्ह्यातील तेराही तालुक्यांत चारचाकी गाडी दुरुस्तीला नेताना मालकाबरोबर आणखी एक गृहस्थ जातो, आणि त्याचा अभ्यास केल्याखेरीज या भागातील वाहनदुरुस्तीचे कोणतेही वर्णन पुरे होत नाही. हा गृहस्थ गाडीचा मालक नसतो, चालक नसतो आणि मेस्तरीही नसतो. तरीही गाडीच्या पोटात कोठे काय वाजते हे सांगण्याचा शेवटचा अधिकार त्याचाच, याविषयी तो स्वतः, गाडीमालक आणि गॅरेजसमोरचा चहावाला या तिघांचे एकमत असते. गावात त्याला सारे ‘भाऊ’ म्हणतात. त्याच्या कार्याचे स्वरूप पाहता त्याला भाष्यकार म्हणणे अधिक उचित ठरेल, कारण मूळ संहिता गाडीची असली तरी तिचा अर्थ तोच लावतो, आणि बहुतेक भाष्यकारांप्रमाणे त्याचेही भाष्य संहितेपेक्षा लांब असते.

हा वर्ग येथे इतका का फोफावला, याचे उत्तर जिल्ह्याच्या भूगोलात सापडते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पाडले आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णेच्या खोऱ्यातील तालुक्यांत खोल काळी जमीन असून, ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ताही तिच्याबरोबर वरखाली होत राहतो. घाटावरून खाली यायचे तर मोताळ्याकडे राजूर घाट आणि खामगावकडे बोथ्याचा घाट उतरावा लागतो, आणि उतारावरच्या वळणावर ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येऊन पडतो. त्यात गावोगावच्या वेशीवर, ज्याला जसे सुचले तसे उंचवलेले गतिरोधक घाटावर आणि घाटाखाली सारख्याच न्यायाने वाटलेले आहेत. अशा रस्त्यांवर काही वर्षे काढली की गाडी बोलू लागते, आणि ती बोलू लागली की भाष्यकाराला बोलावणे जाते. क्वचित तो न बोलावताही येतो.

त्याच्या भाष्याचा सर्वांत आवडता विषय म्हणजे पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट. माणसाच्या खुब्यात जो उखळीचा सांधा असतो, त्याच रचनेचा हा पोलादी सांधा होय. खिळीचे गोल डोके ग्रीस भरलेल्या वाटीत बसते. वरून रबराचे आवरण, ज्याला मेस्तरी बूट म्हणतात, धूळ व पाणी अडवते. आणि खिळीचे निमुळते टोक चाकाला धरून ठेवणाऱ्या जाड लोखंडी भागात, म्हणजे नकलमध्ये, शिरून नटाने आवळले जाते. खड्ड्यात चाकाचे वरखाली होणे आणि स्टिअरिंगबरोबर डावीउजवीकडे वळणे, या दोन्ही हालचाली या एकाच ठिकाणी सामावल्या जातात. जुन्या जीपगाड्या पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांवर उभ्या असत आणि त्यांचे चाक किंगपिनवर, म्हणजे जाड उभ्या पिनेवर, वळे. 1983 च्या अखेरीस आलेल्या मारुती 800 मध्ये प्रत्येक पुढच्या चाकामागे खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यावर, एकच बॉल जॉइंट होता, तर 1994 मध्ये आलेल्या टाटा सुमोत वर एक आणि खाली एक असे दोन झाले. किंगपिनवर हयात घालवलेल्या भाष्यकारांच्या जुन्या पिढीने या नव्या भागाची फारशी चौकशी न करता त्यालाही आपल्या अधिकारात घेतले, आणि त्या दिवसापासून तो त्यांना ठाऊक असलेला भाग झाला.

या सांध्याचे मरण बुटापासून सुरू होते. बूट फाटला की ग्रीस बाहेर पडते, आत माती आणि पाणी शिरते, वाटी व खिळीचे डोके घासून दोहोंत ढील येते, ज्याला गॅरेजच्या भाषेत प्ले म्हणतात. मग खड्ड्यातून जाताना खट्ट असा आवाज येतो, गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते, टायर एकीकडूनच झिजतो, आणि तरीही कोणी लक्ष दिले नाही तर एक दिवस खीळ वाटीतून निखळून चाक आडवे होते व गाडी नाकावर बसते. भाष्यकाराला यातील शेवटची पायरी सोडून बाकी सर्व माहीत असते. आवाजांचे त्याने केलेले वर्गीकरण तर सूक्ष्म आहे: ‘कुईकुई’ म्हणजे सांधा कोरडा पडला, ‘खट्ट’ म्हणजे ढील आली, ‘खडखड’ म्हणजे एकाहून अधिक भाग सामील आहेत, आणि ‘टणटण’ म्हणजे बोनेटखाली कोणीतरी पाना विसरला. हे वर्गीकरण बरेचसे बरोबर असते. अडचण एवढीच की कोणताही आवाज ऐकला तरी त्याचा पहिला निष्कर्ष ठरलेला असतो, आणि तो म्हणजे, “शॉकअप गेले भाऊ, दुसरं काई नाई.” शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्झॉर्बर, हा निराळाच भाग. पुढे मेस्तरीने बॉल जॉइंटचे नाव घेतले की तितक्याच ठामपणे तो म्हणतो, “तेच म्हनतो मी.” दोन विधानांमध्ये जे अंतर आहे ते त्याला कधीच जाणवत नाही.

भाष्यकारांत दोन संप्रदाय आढळतात. घाटाखालचा संप्रदाय प्रत्येक दोषाचे मूळ रस्त्यात शोधतो, त्यामुळे त्याच्या मीमांसेचा शेवट ठेकेदारापाशी होतो आणि गाडी तशीच राहते. घाटावरचा संप्रदाय प्रत्येक दोषाचे मूळ चालवणाऱ्यात शोधतो, घाटात गाडी न्यूट्रल करून उतरवणाऱ्यांची उदाहरणे नावागावानिशी देतो, आणि त्याच्या मीमांसेचा शेवट मालकाच्या थोरल्या मुलापाशी होतो. गाडी तेव्हाही तशीच राहते. समृद्धी महामार्गाविषयी मात्र दोन्ही संप्रदायांत दुर्मीळ एकवाक्यता आहे. या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि तो मेहकर, सिंदखेड राजा या भागांतून जातो. त्याच्या सपाट काँक्रीटवर गाडीचा आवाज बंद होतो, म्हणून त्या रस्त्यावर गाडी ‘सुधारते’ असे हे दोन्ही पक्ष मानतात. वस्तुतः सपाट रस्त्यावर सांधा वाजत नाही एवढेच खरे. ढील जागच्या जागी असते आणि वेग मात्र ताशी शंभराच्या पुढे गेलेला असतो, त्यामुळे जेथे भाष्यकार निश्चिंत होतो तेथेच काळजी करण्यासारखी परिस्थिती असते.

निदानानंतर मुहूर्ताचा प्रश्न येतो, आणि येथे भाष्यकाराची प्रतिभा पूर्ण फुलते. “आजून चालते” हा त्याचा निर्णय असतो, व तो कोठवर चालेल याची मर्यादाही तो सांगतो: सोयाबीन विकेपर्यंत, कापसाचा पहिला वेचा येईपर्यंत, शेगावची वारी होईपर्यंत, किंवा होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानीच्या यात्रेची भाडी संपेपर्यंत. याच जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते; ते भाकीत निदान वर्षातून एकदाच होते आणि पाऊस त्याचा हिशेब चारचौघांत करतो. भाष्यकाराचे भाकीत बारमाही असून त्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. गाडी टिकली तर त्याने सांगितलेच होते, आणि चाक निखळले तरी त्याने सांगितलेच होते, कारण “चालते, पन जपून” यातील उत्तरार्ध त्याने त्यासाठीच राखून ठेवलेला असतो.

अखेर गाडी गॅरेजमध्ये उभी राहते, आणि बोलण्याने पोट भरणारा व हाताने पोट भरणारा, असे दोन पुरुष समोरासमोर येतात. मेस्तरी सहसा बोलत नाही. ज्या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर येतो, तिचा जॅक तो चासीखाली न लावता त्या आर्मखालीच लावतो, कारण तसे केले तरच स्प्रिंगचा दाब सांध्यावरून उतरतो आणि लपलेली ढील उघड होते. “जॅक चासीले लाव ना,” अशी भाष्यकाराची सूचना या वेळी हमखास येते व हमखास ऐकली जात नाही. त्याच्या हातातल्या मोबाइलची बॅटरी मेस्तरीला उजेड दाखवण्यासाठी पेटवलेली असते, परंतु बोलताना हात हलवण्याची सवय असल्यामुळे तो उजेड क्रमाने मेस्तरीच्या डोळ्यांवर, सायलेन्सरवर आणि शेजारच्या ट्रॅक्टरवर पडतो. मेस्तरी टायरला वरून आणि खालून धरून हलवतो. चाक किंचित डुलते. आता हा दोष चाकाच्या बेअरिंगचा की बॉल जॉइंटचा, हे ठरवायचे असते. त्यासाठी कोणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो: ब्रेक दाबल्यावर डुलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, न थांबले तर बॉल जॉइंटचा. “भाऊ, जरा आत बसून ब्रेक दाबा,” असे मेस्तरी म्हणतो, आणि भाष्यकार गाडीत जाऊन बसतो. संपूर्ण दुरुस्तीत त्याच्या हातून, किंबहुना पायातून, घडणारे हे एकमेव उपयुक्त काम होय. त्याच काही क्षणांत गॅरेजमध्ये शांतता पसरते, आणि अनुभवी मेस्तरी ही तपासणी गरजेपेक्षा थोडी अधिक वेळ चालवतात. पुढे पारावर मात्र हीच घटना, “दोष तं मीच काढला, ब्रेक दाबून,” अशा स्वरूपात प्रसिद्ध होते.

सांधा काढणे हे कौशल्याचे काम आहे. खिळीचे टोक निमुळते असल्यामुळे ते नकलमध्ये घट्ट रुतून बसते, आणि खिळीवर थेट घाव घातला तर टोक फुगून ती आणखीच अडकते. म्हणून मेस्तरी नट पुरता न काढता दोनतीन आट्यांवर ठेवतो, जेणेकरून सुटलेला आर्म अंगावर येऊ नये. मग टॉमीने, म्हणजे पहारीने, आर्म खाली दाबून धरतो आणि नकलच्या कानाला, म्हणजे खीळ जेथे बसते त्या वर्तुळाकार भागाला, बाजूने एक नेमका घाव घालतो. सांधा ‘टक्’ असा आवाज करून सुटतो. भाष्यकाराला बळाचे तत्त्वज्ञान अधिक प्रिय असल्याने तो “जोरात मार, जोरात” असे सांगत असतो, आणि सांधा सुटताच आपल्या सूचनेचा परिणाम झाला असे समजून मालकाकडे पाहतो. नवा सांधा बसवताना याच विचारसरणीची उलटी बाजू दिसते. खाचांच्या नटातून स्प्लिट पिन, म्हणजे दुभंगलेली तार, आरपार जावी लागते. खाच आणि खिळीचे भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळायचा, पण मागे कधीच फिरवायचा नाही, हा नियम आहे. “थोडा ढिला कर, बसते पिन,” असे भाष्यकार म्हणतो. मेस्तरी पाना उचलतो, नट आवळतो, पिन घालतो, तिची टोके वळवतो. तो खालून गाडीकडे पाहत असल्याने त्याचा चेहरा कोणाला दिसत नाही.

सुटा भाग घेण्यासाठी दुकानात जाण्याचा मान भाष्यकाराचाच. तेथे तो खोक्यावरची चकाकती चिठ्ठी नखाने खरवडतो, सांधा कानाशी नेऊन हलवतो, ‘कंपनीचा का लोकल’ हा प्रश्न निरनिराळ्या सुरांत विचारतो, आणि शेवटी दुकानदाराने आधी सांगितलेल्याच किमतीला तो घेऊन येतो. दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच चाललेले असतात, म्हणून दुसरीकडचाही तपासून बदलावा, असे मेस्तरी सुचवतो. भाष्यकाराच्या मते ही मेस्तरी लोकांची जुनी युक्ती असते. दुरुस्तीनंतर चाकांची दिशा जुळवण्यासाठी व्हील अलाइनमेंट करावे लागते, नाहीतर नवा सांधा असूनही टायर झिजतो. त्यासाठी भाष्यकार यंत्राऐवजी सुतळी ताणून पाहण्याचा स्वस्त उपाय सुचवतो, आणि ती सुतळी आणण्यास निघून परत येईपर्यंत गाडी यंत्रावर लागलेली असते.

इतक्या ठिकाणी चुकणारा माणूस इतका प्रतिष्ठित कसा राहतो, हा प्रश्न अभ्यासकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, गाडीमालकाला ज्ञान नको असते, साक्षीदार हवा असतो. सुट्या भागांची किंमत, मजुरी आणि ‘हे खरेच गेले होते का’ ही शंका, या सगळ्याचा भार एकट्याने वाहणे मालकाला जड जाते. घरी विचारणा झाली तर “भाऊ होते ना सोबत” एवढे सांगता आले की त्याचे काम होते. मेस्तरीलाही त्याची अडचण वाटत नाही, कारण भाष्यकाराने पाहिलेली दुरुस्ती आठवडाभर पारावर, बाजारात आणि मळणीवर चर्चिली जाते, व त्या चर्चेतून दुसऱ्या गाडीची खडखड आपोआप कोणाच्या तरी कानावर जाते. म्हणूनच हिशेब चुकता होताना मेस्तरी मजुरी मालकाकडून घेतो, पण अद्रकीचा चहा भाष्यकारासाठी मागवतो. पुढची गाडी मालक आणत नाही, ती हाच आणतो, आणि तिचेही शॉकअपच गेलेले असते.