वानप्रस्थातील गिटार : उमेदवारांस काही सूचना

अंगावर सुरकुत्या, मस्तकावर पांढरे केस आणि मांडीवर नातवंड ही तीन लक्षणे दिसू लागली म्हणजे गृहस्थाने अरण्याची वाट धरावी, अशी मनुस्मृतीची आज्ञा आहे. परंतु अरण्ये आता वनखात्याच्या ताब्यात असून तेथे नुसते शिरावयासही परवाना लागतो, आणि महाराष्ट्र शासनाचा नोकर ५८ व्या वर्षी दप्तर खाली ठेवून घरी येतो तेव्हा त्याच्या दृष्टीस अरण्याऐवजी बहुधा कपाटावरची गिटार पडते. ही गिटार एकतर १९७३ साली 'यादों की बारात' पाहून आल्यावर वडिलांच्या नाखुशीने घेतलेली असते, किंवा मुलाने अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी हट्टाने घेऊन अमेरिकेस जाताना मागे ठेवलेली असते. ती खाली काढावी, पुसावी, नव्या तारा चढवाव्यात आणि वर्ष-दोन वर्षे दार लावून वाजवावी, येथपर्यंत घरच्यांची हरकत नसते. पुढे केव्हातरी त्या गृहस्थास चार लोकांसमोर वाजविण्याची इच्छा होते. ही इच्छा दडपण्याचे उपाय प्रस्तुत लेखात दिलेले नाहीत. ती रीतसर अंमलात कशी आणावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम पूर्वपीठिका. साठीनंतर भजनी मंडळात टाळ घेऊन बसणाऱ्यास कोणी कारण विचारीत नाही, पेटीवर बोटे फिरविणारा तर भाविकांतच जमा होतो. गिटारवाल्यास मात्र खुलासा द्यावा लागतो, कारण आमच्या समाजाच्या दप्तरी या वाद्याची नोंद तारुण्य, कॉलेजचे गॅदरिंग आणि हिंदी चित्रपटाचा नायक या तीन सदरांखाली झालेली असून ती दुरुस्त करून घेण्याची तसदी आजवर कोणी घेतलेली नाही. (गोव्यात अशी अडचण नाही. मांडो म्हणणाऱ्या घरात आजोबांच्या हाती गिटार दिसली तर कोणी भुवई उचलीत नाही. तेव्हा गोमंतकीय उमेदवारांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे.) खुलाशासाठी दोन दाखले जवळ बाळगावेत. पहिला आंद्रेस सेगोव्हिया या स्पॅनिश वादकाचा: १८९३ साली जन्मलेला हा गृहस्थ नव्वदी ओलांडल्यावरही मैफली करीत होता. १८९३ हेच साल पुण्यातील सार्वजनिक गणेशोत्सवाच्या प्रारंभाचे म्हणून पुष्कळांस पाठ असते. ते १८९२ की १८९३ या वादात उमेदवाराने, निदान पुण्यातील उमेदवाराने, वादनापूर्वी पडू नये, कारण त्यात निम्मे श्रोते आधीच हातचे जातात. दुसरा दाखला पंडित ब्रिजभूषण काबरा यांचा. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका केली आणि गिटारीवर राग वाजतो हे घरोघर कळले. "हे शास्त्रीय आहे का हो?" असे व्याह्यांनी विचारल्यास काबरांचे नाव घ्यावे आणि थांबावे, काबरा गिटार आडवी ठेवून तारांवरून कांडी सरकवीत असत, आणि आपण ती उभी धरून सी, एफ व जी या तीन कॉर्डच्या मिळकतीत संसार करतो, हा तपशील व्याह्यांनी लेखी मागणी केल्याखेरीज पुरवू नये.

आता शरीराचा विचार. डाव्या हाताच्या बोटांची टोके काही आठवडे हुळहुळतात आणि मग त्यांवर घट्टे पडतात. लोखंडी तारांऐवजी नायलॉनच्या तारांची गिटार घेतल्यास हा जुलूम पुष्कळ हलका होतो, आणि त्यात कमीपणाही नाही, कारण उत्तरायुष्यात सेगोव्हियाही नायलॉनवरच वाजवीत असे. एफ या कॉर्डमध्ये तर्जनीने सहाही तारा एकदम दाबून धराव्या लागतात. सांधे दुखणाऱ्या उमेदवाराने ती खुशाल अर्धी वाजवावी, उरलेली अर्धी कोणी मागत नाही. मधुमेही उमेदवारांस, म्हणजे बहुसंख्य उमेदवारांस, वैद्यकाच्या पुस्तकात न सापडणारी एक सूचना अशी की, साखर पाहण्यासाठी सुई टोचावयाची ती उजव्या हाताच्या करंगळीच्या कडेला टोचावी. डाव्या हाताच्या घट्ट्यांतून रक्त सहजासहजी येत नाही आणि आलेच तर त्या दिवसाचा रियाझ तहकूब करावा लागतो, उजव्या हाताची अंगठ्यासह चार बोटे तारा छेडण्याच्या कामावर हजर असतात, आणि करंगळी तेवढी बिनकामाची असते. उजव्या हाताची नखे वाढवावी लागतात, डाव्याची मुळापर्यंत कापावी लागतात, व अशा विषम नखांचा मनुष्य भाजीवाल्यापासून बँकेतल्या रोखपालापर्यंत सर्वांच्या नजरेस येतो. त्यास इलाज नाही. चष्म्याची गोष्ट मात्र हिताची आहे. ज्याच्या वरच्या भागातून दूरचे आणि खालच्या भागातून पुस्तकातले दिसते अशा चष्म्यातून स्टँडवरच्या वहीतील अक्षर, ते धड दूरही नसल्यामुळे आणि धड जवळही नसल्यामुळे, लागत नाही. ते लागावे म्हणून मान मागे टाकून डोळे बारीक करावे लागतात, आणि असा वादक सुरांत तल्लीन झाला आहे असा श्रोत्यांचा समज होतो. तो समज दूर करण्याचे काही कारण नाही.

गाणी तीनच तयार ठेवावीत. त्यांत 'चुरा लिया है तुमने' टाळता आल्यास टाळावे, कारण त्या गाण्याच्या आरंभी काचेवर आघात केल्याची जी किणकिण आहे ती आमच्या श्रोत्यांच्या कानांत इतकी मुरलेली आहे की, वादकाने ती वगळल्यास तिसऱ्या रांगेतील कोणीतरी स्टीलच्या चमच्याने ती भरून काढतो, आणि एकदा सुरू झालेला चमचा गाणे संपेपर्यंत थांबत नाही. भावगीतांकडे वळावे तर श्रीनिवास खळे यांच्या चाली ऐकावयास जितक्या सोप्या तितक्याच तीन कॉर्डच्या भांडवलास महाग पडतात. याहून फलदायी मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यास साथ करणे. सोसायटीत गाणाऱ्या एक वहिनी असतातच, त्या "माझी काळी चार" असे सांगतात, आणि गिटारवाल्यास पेटीची भाषा येत नसल्यामुळे तेथेच बोलणे खुंटते. पेटीवरची काळी चार म्हणजे आपल्याकडे पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून धरलेला जी, आणि काळी दोन म्हणजे तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून धरलेला सी, हे कोष्टक पाठ करावे आणि कोणास दाखवू नये. मागितली ती पट्टी ऐनवेळी देणारा वादक अशी त्यामुळे ख्याती होते, व अंगच्या सर्व गुणांपैकी हा एकच गुण असा आहे की ज्याकरिता उमेदवारास दुसऱ्यांदा बोलावणे येते.

पहिले वादन घरी, नातेवाइकांसमोर करावे असे पुष्कळ जण सुचवितात, परंतु नातेवाईक उठून जाऊ शकत नाहीत, आणि ज्यास उठून जाता येत नाही त्याच्या बसण्यास पुरावा म्हणून काडीइतकीही किंमत नाही. योग्य स्थळ म्हणजे सोसायटीचा गणेशोत्सव. सेक्रेटरीसाहेबांकडे द्यावयाच्या अर्जात 'कार्यक्रम' हा शब्द घालू नये. 'दोन गाणी, पाच मिनिटे' एवढाच मजकूर असावा, म्हणजे तो अर्ज नामंजूर करण्याचेही त्यांस सुचत नाही. तथापि वेळेची हमी अर्जाने मिळत नाही. आधी मुलांची वेशभूषा स्पर्धा होते, तीत दोन टिळक, चार झाशीच्या राण्या आणि एक टोमॅटो असतो. मग बक्षिसे, मग टोमॅटोच्या आईची हरकत, मग जाहिरातदारांचा सत्कार, मग पाहुण्यांचे दोन शब्द, आणि या सर्वांतून वाट काढीत उमेदवाराचे नाव पुकारले जाते तेव्हा घड्याळात पावणेदहा झालेले असतात. ध्वनिप्रदूषणविषयक नियम, २००० अन्वये रात्री १० वाजता लाउडस्पीकर बंद करावा लागतो. वर्षातून पंधरापर्यंत दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढविण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे. परंतु अनुभव असा की, सूट मिळालेल्या दिवशी डीजे असतो आणि सूट नसलेल्या दिवशी उमेदवार असतो.

भाद्रपदातील दमट हवेने गिटारीचे लाकूड फुगते, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जाऊन दाबावयास जड होतात. मंडपातील दिव्याच्या झोताखाली त्याच तारा तापून सूर उतरतो. म्हणून सूर घरच्या पंख्याखाली न जुळविता दिव्याखाली बसून जुळवावा, आणि त्या वेळेत श्रोत्यांशी बोलू नये. सराव झालेला नाही, घसा बसला आहे, वय झाले आहे, ही प्रस्तावना तर कदापि करू नये, कारण ती ऐकली की श्रोते ती खरी मानून चालतात. साउंडवाल्यास आधी चहा द्यावा आणि स्पीकरकडे तोंड करून कधीही बसू नये. तसे बसल्यास गिटारीच्या पोटात स्पीकरचा आवाज परत शिरतो, माइक शिट्टी मारू लागतो, आणि साउंडवाला मुकाट्याने गिटारीचा आवाज शून्यावर आणतो. ही गोष्ट तो कोणास सांगत नाही. कित्येक उमेदवारांचे पहिले निर्दोष वादन याच पद्धतीने पार पडलेले आहे.

कॉर्ड चुकल्यास डावा हात थांबला तरी उजवा थांबू देऊ नये. याहून अधिक मार्गदर्शन वादनाविषयी करण्यासारखे नाही, कारण खरा कठीण प्रसंग वादन संपल्यावर येतो. टाळ्या पडतात, आणि त्या अंमळ जास्तच पडतात. मग वड्याची प्लेट हाती घेऊन लोक जवळ येतात व म्हणतात, "काका, या वयातसुद्धा! कमाल आहे तुमची!" उमेदवार स्त्री असल्यास, "घरचं सगळं सांभाळून करता हो काकू!" या दोन्ही उद्गारांत वादनाविषयी अवाक्षरही नाही, हे उमेदवाराने घरी जाऊन शांतपणे ताडून पाहावे. सहा वर्षांच्या टोमॅटोस आणि सहासष्ट वर्षांच्या गिटारवाल्यास मंडपात एकच सवलत लागू असते, ती म्हणजे त्यांनी व्यासपीठावर चढून धडपणे खाली उतरणे हेच त्यांचे कर्तृत्व समजले जाते. आणि तरुण वादकाच्या बेसूरपणावर जे लोक दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये बोलतात तेच लोक या बाबतीत इतके उदार होतात की, मनुष्य त्याच तीन गाण्यांवर, त्याच चुकांसह, पुढील दहा वर्षे सुखाने काढू शकतो. माझ्या मते उतारवयातील वादकाचा घात निंदेने होत नाही, तो या औदार्याने होतो. निंदा करावयासदेखील आधी ऐकावे लागते.

यावर उतारा एकच आहे आणि तो क्वचित मिळतो. गर्दी पांगल्यावर कीबोर्डच्या क्लासला जाणारा कोणी बारा-तेरा वर्षांचा मुलगा येतो, गिटारीकडे पाहत उभा राहतो आणि म्हणतो, "आजोबा, तुमची बी स्ट्रिंग उतरली होती. दुसऱ्या गाण्यापासून." त्याची आई त्याचा दंड धरून त्यास मागे ओढते व "लहान आहे हो, त्याला काय कळतंय" असे म्हणते. या मुलास हातचे जाऊ देऊ नये. त्याचे नाव व इमारत विचारून ठेवावी, त्यास चॉकलेट द्यावे, आणि पुढल्या खेपेस त्याच्यासाठी पहिल्या रांगेतील खुर्ची राखून ठेवण्याविषयी सेक्रेटरीसाहेबांकडे स्वतंत्र अर्ज करावा. तो मोठा होऊन दहावीच्या क्लासांत अडकण्यापूर्वी त्याच्याकडून जेवढे काढून घेता येईल तेवढे घ्यावे.

याच कारणास्तव पुण्यामुंबईच्या कॅफेंतून भरणारे 'ओपन माइक' मी उमेदवारांस सुचवीन. तेथे दारात यादीवर नाव घालावे लागते, कॉफीस आपल्या पहिल्या पगाराच्या मानाने भयंकर किंमत पडते, पोरे 'अंकल' म्हणतात, आणि श्रोत्यांपैकी बहुतेक जण आपली पाळी येण्याची वाट पाहत मनातल्या मनात स्वतःचेच गाणे म्हणत असतात. परंतु ज्यास जावयाचे आहे तो सरळ उठून जातो. पाठीमागच्या टेबलावरील दोघे गेले नाहीत, एवढ्यावरून काही अनुमान काढता येते. मंडपात तेवढीही सोय नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. कॉपीराइटविषयक १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात, हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर एखादी रचना सादर केल्यास तो हक्कभंग समजला जाऊ नये अशी तरतूद आहे. म्हणजे श्रोत्यांच्या खिशास चाट लागत नाही तोवर आपल्या हातून एखाद्या चालीचे काय होते याचा जाब त्या संगीतकाराच्या वारसांस विचारता येत नाही. उमेदवाराने आपले हौशीपण जपावे ते यासाठी. मंडळाने शाल व श्रीफळ दिल्यास घ्यावे. सोबत ५०१ रुपयांचे पाकीट पुढे केल्यास ते दोन्ही हातांनी घेऊन, कपाळास लावून, तेथल्या तेथे देणगी म्हणून परत करावे, आणि पावती अवश्य मागून घ्यावी. खजिनदार ती अंकी व अक्षरी रक्कम लिहून, सही करून देतो, स्थळप्रत मंडळाच्या दप्तरी राहते, आणि पुढल्या वर्षी श्रावण संपता संपता वर्गणी मागावयास आलेले कार्यकर्ते त्याच प्रतीवर बोट ठेवून "काका, गेल्या वर्षी पाचशे एक होते" असे म्हणतात, दोन गाण्यांचा विषय मात्र काढीत नाहीत.