भिंतीपलीकडचं रोम

"टीचर, अहो टीचर! आज सकाळी आपल्या गल्लीत पांढरे झब्बे किती हिंडत होते, बघितलंत का? डोळे दिपले माझे!"

टीचर म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधल्या, तळमजल्यावरच्या. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे त्या जास्वंदीला पाणी घालतात, अलीकडे मी कपडे वाळत घालते. शिवाजी पार्कातली बातमी आधी या भिंतीवर येते, मग कट्ट्यावर जाते.

"रोममध्येही हेच, वहिनी. निवडणुकीला उभा राहणारा आपला टोगा खडूनं पांढराशुभ्र करायचा. पांढरा केलेला म्हणून तो कँडिडॅटस. आपला कँडिडेट तिथूनच आला."

"म्हणजे वरवरचा पांढरेपणा तेव्हापासूनचा!"

"आणि मतं विकत घेणंही. इ.स.पू. ६३ मध्ये सिसेरो कॉन्सुल होता. कॉन्सुल म्हणजे राज्यातला सर्वांत वरचा अधिकारी. एका वेळी दोघे, मुदत एकच वर्ष, आणि एकानं दुसऱ्याला अडवायची मुभा. त्या सिसेरोनं कायदा केला, की निवडणूक लढवायची असेल तर आधीची दोन वर्षं लोकांसाठी ग्लॅडिएटरच्या झुंजी भरवायच्या नाहीत. लाच दिली तर दहा वर्षं हद्दपारी."

"अगंबाई! तो कायदा इथं लागला तर क्रिकेटचे चषक गेले, दहीहंडी गेली, दिवाळीचे कंदीलसुद्धा गेले की!"

"काही जात नाही. त्याच वर्षी मुरेना नावाचा निवडून आलेला गृहस्थ या कायद्यात अडकला. त्याचं वकीलपत्र कोणी घेतलं असेल? खुद्द सिसेरोनं. सोडवूनही आणलं."

मी हातातला पिळा बादलीत टाकला. असली बातमी अर्धवट ऐकायची नसते.

"आणि नगरसेवक? ते होते का हो त्यांच्याकडे?"

"ट्रिब्यून होते, सामान्य लोकांचे कैवारी. पुढं त्यांची संख्या दहा झाली. त्यांच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. सरकारचा निर्णय लोकांच्या विरुद्ध वाटला, तर एकट्या ट्रिब्यूननं 'नाही' म्हटलं तरी काम थांबायचं. पण अटी बघा. रात्री शहराबाहेर राहायचं नाही, आणि घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं. रस्ते, बाजार, पाणी बघायला ईडाइल नावाचे वेगळे अधिकारी असायचे. आपलं जी-उत्तर वॉर्ड ऑफिस समजा."

"आपल्या नगरसेवकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, तेव्हापासून तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. दार उघडं की बंद, हा प्रश्नच नव्हता."

मग मी आवाज खाली आणला. आमच्या नोटीसबोर्डावर परवा एक पत्र चिकटवलेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी संध्याकाळी कट्ट्यावर कोणाशेजारी बसते, याचा त्यात सविस्तर वृत्तांत होता. खाली सही 'एक जागरूक सभासद'.

"हे तुमचे सेन्सॉर," टीचर म्हणाल्या. "रोमचे सेन्सॉर शिरगणती करायचे आणि लोकांची वागणूकही तपासायचे. सिनेटरचं नावसुद्धा कापायचे. केटो सेन्सॉर झाला इ.स.पू. १८४ मध्ये. त्यानं मॅनिलियसला सिनेटमधून काढलं. गुन्हा काय, तर दिवसाउजेडी, मुलीदेखत स्वतःच्या बायकोला जवळ घेतलं. हा केटो सांगायचा, की आपली बायको आपल्या गळ्यात पडते ती फक्त ढग गडगडले तर."

"मग पावसाळ्यात बरी चंगळ! पण टीचर, पत्र लिहिलं कोणी असेल? मला तर पहिल्या मजल्याचा संशय येतो."

"शोधू नका. फाडून टाका. इ.स. ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाचा गव्हर्नर आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेला होता. त्याच्याकडे एक निनावी यादी आली, अमुक अमुक लोक ख्रिस्ती आहेत म्हणून. त्यानं सम्राट ट्राजनला विचारलं. ट्राजननं कळवलं, ख्रिस्त्यांना मुद्दाम हुडकू नका, आणि निनावी कागद कुठल्याही खटल्यात घेऊ नका. आपल्या काळाला ते शोभत नाही."

"म्हणजे भला माणूस."

"कसला भला! उघड तक्रार आली, गुन्हा शाबीत झाला आणि आरोपीनं रोमच्या देवांना मानायला नकार दिला, की शिक्षा होतीच. पण तक्रारीखाली नाव हवं, एवढं त्याला कळत होतं."

"आणि त्याच रोमची पदं पुढं तुमच्या चर्चमध्ये?"

"बरीचशी. ३१३ साली कॉन्स्टंटाइननं ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, ३२५ साली निकियाला बिशपांची परिषदही त्यानंच बोलावली. त्याच्या आधी डायोक्लेशननं प्रांतांचे गट पाडले होते. गटाला म्हणायचे डायोसिस, त्याच्यावरचा अधिकारी व्हिकारियस. पश्चिमेतलं साम्राज्य बुडालं, पण ही नावं चर्चनं ठेवली. म्हणून १८८६ साली मुंबई आर्चडायोसिस झालं, आणि आमच्या पोर्तुगीज चर्चचे फादर व्हिकर. बॅसिलिका म्हणजे रोमची कचेरी आणि बाजार भरायचा मोठा दिवाणखाना. रोमन देवळात पूजा व्हायची बाहेरच्या वेदीवर, ख्रिस्त्यांना आत जमायला जागा हवी, म्हणून त्यांनी देवळाचा नाही, या दिवाणखान्याचा नमुना उचलला. वांद्र्याच्या माउंट मेरीला १९५४ साली मिळाला तो बॅसिलिकाचाच मान."

"पदांवरून आठवलं, आमच्या सोसायटीची रविवारी सभा आहे. सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नाही, आणि भांडण तर होणारच. म्हटलं, मीच मध्ये पडून मिटवावं."

टीचरनी झारी खाली ठेवली.

"वहिनी, ३७४ साली मिलानमध्ये बिशपच्या निवडीवरून दोन तट पडले. गव्हर्नर अँब्रोज शांतता राखायला चर्चमध्ये गेला, चार शब्द बोलला. गर्दी ओरडली, 'अँब्रोजच बिशप!' त्याचा तर अजून बाप्तिस्मासुद्धा झाला नव्हता. पळायचा प्रयत्न केला, पण लोकांनी सोडलं नाही. आठवड्याभरात बाप्तिस्मा आणि बिशपपद, दोन्ही उरकलं."

"आणि मुदत किती?"

"३९७ साली मरेपर्यंत."

तेव्हा वाचकहो, सोसायटीच्या सभेत भांडण कितीही पेटू द्या, मिटवायला उभं राहू नका. राहायचंच असेल तर आधी पोटनियम काढून सेक्रेटरीची मुदत वाचून ठेवा.