कॉम्प्युटर बाजाराला गेलाय

श्टुटगार्ट, शनिवार

आई,

काल फोनवर तू तीनदा विचारलंस, "टेबलावरचा लॅपटॉप दिसत नाही गं, विकलात का?" मग आवाज बारीक करून, "पैशाची नड आहे का?" नड नाही. धाकट्यानं लॅपटॉपवर ताक सांडलं. दुरुस्तीचा आकडा ऐकून ह्यांनी लॅपटॉपलाच हात जोडले.

आता फोन हाच कॉम्प्युटर. ह्यांचा सॅमसंग वायरनं टीव्हीला जोडला, की पडद्यावर खिडक्या, खाली पट्टी, सगळं उघडतं. ह्याला डेक्स म्हणतात. २०१७ च्या गॅलक्सी एस८ पासून आहे म्हणे, आम्हाला ताक सांडल्यावर कळलं. हे पत्रही त्याच्यावरच लिहितेय, मधे कुकर बघून. खोट एकच. हे फोन खिशात घालून निघाले, की घरातला कॉम्प्युटरही बाजाराला जातो. परवा माझा अर्धा भरलेला फॉर्म ट्राममधून फिरून आला.

काल तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा हे कराचे कागद बघत होते. एकदम त्रेचाळीस इंची पडद्यावर अर्धं कपाळ, कुंकू आणि माळवदाला टांगलेला पंखा. जावई उठून उभेच राहिले.

बारक्याला म्हणावं, केबल मागवू नको. त्याच्या फोनला भोक सी-टाइपचंच आहे, पण स्वस्तातल्या बहुतेक फोनांत त्यातून चित्र बाहेर पडत नाही. आपल्या वस्तीवरच्या नळासारखं, तोटी आहे, पाणी नाही. मेंढा विकून नवा फोन घ्यायचं काढलंय, असं वहिनी म्हणाली. मेंढा राहू दे.

टीव्ही शेजारच्या आजींनी फुकट दिला. फुकट म्हटल्यावर तू खूश झालीस, पण ऐक. इथं घरटी महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी असते. टीव्ही नसला तरी! २०१३ पासून ती घराला लागते, यंत्राला नाही. मी म्हटलं, आम्ही त्याच्यावर बातम्या बघत नाही, सातबारा बघतो. तरी भरायचीच. आजोबा रेडिओचं लायसन पोस्टात भरायचे आणि महिनाभर कुरकुरायचे, पण त्यांच्याकडे निदान रेडिओ तरी होता. वर्षाचे २२० युरो, म्हणजे वीस हजारांच्या वर रुपये. एवढ्यात शेळी येते. शेळी दूध तरी देते.

आत्या माझ्यावर रुसली म्हणालीस. तिला सांग, हुलग्याचं पीठ पोचलं, माडगं केलं, आणि तिच्यासारखं झालं नाही. एवढ्यावर ती बोलेल. म्हसवडच्या रथाला कोण कोण जाणार ते कळव. गुलालाचा फोटो पाठवा, पण पुसून स्वच्छ झालेल्या तोंडांचा नको.

आप्पांनी सांगितलेला सातबारा काढला. पडद्यावर एवढा मोठा झाला की थोरला लांबूनच वाचायला लागला, आणि 'पोटखराबा'वर अडला. "आप्पांचं पोट बिघडलंय?" सगळे हसलो. मग पोरं उठून गेली आणि मी बाजरी, मटकी, बाजरी असं वाचत बसले. भात खाली लागला तेव्हा उठले.

विहिरीवरची बाभळ त्यात कुठं नाही. आहे ना गं ती अजून? मागच्या वाऱ्यात फांदी मोडली म्हणाली होतीस. आप्पांना विचारून तेवढं कळव.

हे बूट घालतायत. म्हणजे कॉम्प्युटर निघाला.

तुझी,
सुमी