धाकट्या नणंदेचं पोट

अहो वहिनी, कपडे वाळत घालून झाले की जरा भिंतीशी या. मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. सासूबाई ओट्यावर घेवडा निवडतायत, आणि त्यांना नको ते बरोब्बर ऐकू येतं.

धाकट्या नणंदेनं पोटाचं ऑपरेशन करायचं मनावर घेतलंय. छे हो, आजारबिजार काही नाही. पोट सपाट व्हावं म्हणून! दोन सिझर झालीत ना तिची, टाक्याच्या वर कातडीची वळी येऊन बसलीये. बसमध्ये एका मुलीनं उठून जागा दिली, ‘बसा ताई, अवघडलेल्या आहात’ म्हणून. धाकटा पाचवीत आहे तिचा! तेव्हापासून डोक्यातून जातच नाही.

पहिल्यांदा ज्या क्लिनिकात गेली तिथे डॉक्टर भेटलाच नाही. एक गोडबोली मुलगी, टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो, हप्त्यांची सोय, वर ‘आज बुक केलंत तर सूट’. लायपो करून टाका म्हणे, लगेच कामावर. पोटाला कुणी हातसुद्धा लावला नाही. ऑपरेशनला कसली आलीये सूट!

मग माझी भाची, ती फिजिओथेरपिस्ट, तिला एका एमसीएच झालेल्या प्लास्टिक सर्जनकडे घेऊन गेली. त्यांनी उभं करून पोटाची घडी चिमटीत धरली. पुढे वाकायला लावलं, तर कातडी लोंबली. मग उताणं झोपवलं आणि म्हणाले, फक्त मान उचला. बेंबीच्या वर मधोमध दाबलं तर बोटं आत! गरोदरपणी पोटाचे दोन उभे स्नायू बाजूला सरकतात, कुणाकुणाचे परत जवळ येतच नाहीत. डायस्टेसिस म्हणतात त्याला. बेंबीशी हर्निया नाही ना, तेही सोनोग्राफी करून बघायला सांगितलं.

आता सांगा, तिथे लायपो करून काय होणार? बारीक भोकातून नळी घालून कातडीखालची चरबी तेवढी ओढतात. कातडी घट्ट असेल त्याला ते छान. हिचं म्हणजे उशीतला कापूस काढायचा आणि अभ्रा तसाच सैल. स्नायूंची फट तर जागच्या जागी! आणि लायपो म्हणजे वजन उतरवायचा उपाय नव्हेच, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

दुसरं ते टमी टक. ते मोठं प्रकरण आहे हो. कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत, खालून आडवा छेद. जास्तीची कातडी कापून टाकतात, स्नायू मधोमध शिवून घेतात, आणि बेंबीला नवीन भोक करून द्यावं लागतं. ऐकून माझ्याच पोटात गोळा आला. मिनी म्हणून धाकटा प्रकारही असतो, त्यात बेंबी हलवत नाहीत, पण तो बेंबीखाली थोडंसंच सैल असेल तर. तिसरं ते चरबी गोठवायचं, फॅट फ्रीझिंग, ते माझ्या लेकीनंच मोडीत काढलं. ती लिंडा इव्हँजेलिस्टा, एके काळची नावाजलेली मॉडेल, तिनं 2021मध्ये जाहीर सांगितलं की गोठवलेल्या जागी चरबी कमी व्हायची सोडून वाढली. क्वचित होतं म्हणे, पण होतं.

गंमत म्हणजे भाची घरी हे समजावत होती, तेव्हा आमचे हे सगळं कान देऊन ऐकत होते. हळूच विचारतात, माझं होईल का? भाचीनं तिथेच झोपवलं सोफ्यावर. पोट तस्संच वर, टणक. म्हणाली, काका, तुमची चरबी स्नायूंच्या आत, आतड्याभोवती आहे, तिथे कुठलीच नळी जात नाही. आणि शुगर-बीपीला तीच जास्त वाईट. तुम्ही रात्रीचा भात निम्मा करा आणि चालायला लागा. तेव्हापासून हे भाचीशी जरा तुटकच बोलतात.

पैशाचं विचारू नका. मेडिक्लेम एक रुपया देत नाही, नुसत्या रूपासाठीच्या ऑपरेशनला नाहीच देत. इतर उपचारांना जीएसटी माफ, याला मात्र लागतो. आणि पुढे मूल हवं असेल तर आत्ता करूच नका, शिवलेले स्नायू परत ताणले जातात. तो प्रश्न हिच्यापुरता मिटलाय म्हणा.

सासूबाईंना अर्धवट कळलंय. त्यांचं एकच, बाळंतपणात पोट नीट बांधलं असतं तर ही वेळ आली नसती. जुन्या लुगड्यानं मी स्वतः बांधलं होतं, हिनंच गुदमरतंय म्हणून सोडलं! बांधून फट मिटत नाही हो आजी, म्हणून भाचीनं समजावलं. पण ऐकतंय कोण?

आता आधी काही महिने भाचीकडे व्यायाम, फट त्यानं किती भरते बघायचं, आणि नाहीच तर टमी टक. मे महिना धरलाय तिनं, पोरं आजोळी असतात म्हणून. पण नंतर सुरुवातीला कमरेत वाकून चालायचं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून चालायचं तर रोजच, सहा आठवडे जड उचलायचं नाही, आणि अंगाला तो करकचून पट्टा. मे महिन्यात! मी म्हटलं, बाई गं, डिसेंबरात कर, पोरांचे डबे मी देते.